चाकामागची चादर

मेट्रनबाईंनी चादर उजेडात धरली आणि तिच्या कडेवर बोट ठेवलं. पांढऱ्या कापडावर अंगठा उमटला होता. तपकिरी, ठसठशीत, रेषान् रेषा दिसावी असा. शेजारी चार बोटं, जरा पुसट.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

सुनेने आपला हात पाठीमागे नेला. उत्तर तेवढ्यातच मिळालं.

इस्पितळाच्या मागच्या व्हरांड्यात धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे उतरवून घ्यायचं लांब टेबल होतं. त्या टेबलाच्या एका बाजूला मेट्रनबाई आणि दुसऱ्या बाजूला ही, धुलाईवाल्यांची सून. घरची जीप तीच चालवायची, म्हणून इस्पितळात सगळे तिला डायव्हरबाई म्हणत. मेट्रनबाई कधी आवाज चढवत नसत, आणि त्याचाच धाक जास्त होता. त्यांनी तिला समोरच्या नळावर हात धुवायला लावले, एकदा धुतल्यावर पुन्हा साबण लावायला सांगितला, आणि मग सगळा गठ्ठा घडी घडी उलगडून बघितला. डाग नसलेल्या चादरी डावीकडे, डागाच्या उजवीकडे. उजवीकडचा ढीग चढत गेला. जाणारी येणारी माणसं मान वळवून बघत होती. सून ओले हात अंगापासून लांब धरून उभी राहिली. ते पुसायचे कशाला, तेही तिला सुचेना.

शेवटी मेट्रनबाईंनी सांगायचं ते सांगितलं. शहरातल्या यंत्रावर धुणाऱ्याची चहूबाजूंनी पत्र्याची बंद गाडी आहे, तो केव्हापासून मागे लागलाय. पुढच्या खेपेला चिखलाचा एक जरी डाग निघाला, तर इस्पितळाचे मळके कपडे त्याच्या गाडीत चढतील आणि मग कायमचेच चढतील.

"राग नाही माझा तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "धुणं तुमच्यासारखं कुणाचं नाही. पण आजारी माणसाच्या अंगाखाली मला चिखल घालता येत नाही."

डागाचा ढीग परत बांधून सून निघाली. वाटभर तिने घरी काय सांगायचं ते मनात जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. त्यातलं काही कामी आलं नाही. ओढ्याकाठच्या दगडावर सासू चादर आपटत होती. तिने गाडीतून परत उतरणारं गाठोडं बघितलं आणि हातातली चादर तशीच दगडावर सोडली. बोटं पुसून तिने वरची घडी उघडली, अंगठ्याचा ठसा बघितला, सुनेच्या हाताकडे बघितलं.

"डाग तुझा," ती म्हणाली. "पण नाव माझं गेलं."

मागे पत्र्याच्या शेडमध्ये नवरा इस्त्री करत होता. तो इस्त्री हातात घेऊनच बाहेर आला, ठसा जवळून न्याहाळला आणि म्हणाला की चोरी केली असतीस तर पोलिसांना हा फार उपयोगी पडला असता. कुणीच हसलं नाही. त्याने इस्त्री परत नेऊन ठेवली.

घराचा सगळा डोलारा या चादरींवर उभा होता. गावातले चार-दोन घरचे कपडे येत, पण भट्टी रोज पेटायची ती इस्पितळासाठी. आणि या दुखण्याचं मूळ सुनेच्या पदरात होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. गाव आणि इस्पितळ यांच्यामध्ये डोंगराची सोंड होती, आणि सोंडेवरून जाणारा रस्ता पावसाळाभर चिकणमातीचा लगदा होऊन राहायचा. जुन्या अरुंद टायरांवर जीप त्यात पोटापर्यंत रुतायची आणि कपडे दुपार टळल्यावर पोचायचे. सुनेने हट्ट धरून रुंद, खोल नक्षीचे टायर बसवून घेतले. तेव्हापासून गाडी एकदाही रुतली नव्हती. पण हे टायर मडगार्डाच्या बाहेर चार बोटं डोकावायचे, आणि जो चिखल पूर्वी चाकाला धरून बसायचा तो आता चहूकडे उडायचा.

त्या दुपारी भट्टीसमोर बसून तिघांनी खल केला. सासूचं म्हणणं सरळ होतं, जुने टायर चढवा. नवऱ्याने विचारलं की मग रुतलेल्या गाडीला ढकलायला आई येणार का. त्याचं स्वतःचं म्हणणं, एकाला दोन ताडपत्र्या घाला. सासूने ते उडवून लावलं. इस्त्रीचे गरम कपडे दुहेरी ताडपत्रीत कोंडले तर त्यांना घाम फुटतो आणि पोचेपर्यंत कुबट वास धरतो, हे मागच्या वर्षी करून झालं होतं. मेट्रनबाईंचं नाक डोळ्यांपेक्षा तिखट.

सून मात्र परत आणलेल्या चादरी एकेक उलगडत होती. तिला एक गोष्ट खटकत होती. चिखल उडून बसला असता तर ठिपके दिसले असते. इथे ठिपके नव्हतेच. बोटं होती, फरपटलेले पट्टे होते.

"आई, हा चिखल चाकानं नाही टाकला," ती म्हणाली. "चाकानं टाकला तो ताडपत्रीवर आणि दोरीवर. तिथून तो माझ्या हातांनी आत आला. ताडपत्री ओढली की तिच्यावरचा लगदा घडीवर सांडतो. मी कितीदा हात धुवू? गाठ सोडली की पुन्हा मळतात."

सासूने पट्ट्यांवरून बोट फिरवलं. धुणाऱ्या बाईला डाग वाचता येतो. तिने दुसरी चादर उलगडली, मग तिसरी.

"म्हणजे गाठीपर्यंत चिखल पोचताच कामा नये," ती अखेर म्हणाली.

"चाकापाशीच अडवायचा."

"मग कुठून उडतो ते आधी कळायला हवं. नाहीतर आपण पुढं पडदा लावणार आणि तो जाणार मागून."

यावरून नवरा-बायकोत जुंपली. नवऱ्याच्या मते चिखल चाकाच्या माथ्यावरून उडतो, कारण तिथेच तो सर्वांत वर असतो. सुनेच्या मते तो मागून, खालूनच सुटतो. ती माहेरी ट्रॅक्टरवर वाढली होती आणि तिने पाठीवर पुष्कळ चिखल झेलला होता. पण डोळ्यांनी धरावं इतक्या सावकाश चाक काही फिरत नाही. दोघांचे आवाज वाढले तशी सासू उठली, आत गेली आणि निळीचा डबा घेऊन आली. काखेत एक विरलेली चादर होती, पोतेरं करायला काढलेली.

"गाडी वर घ्या," ती म्हणाली.

तिचा बेत कळल्यावर दोघं भांडायचे थांबले. मागचं डावं चाक जॅकवर उचललं. बाकीच्या चाकांना पुढून मागून दगड लावले. सासूने बादलीत नीळ कालवली, नेहमीच्या कितीतरी पट घट्ट, शाईच म्हणावी अशी. सासू आणि नवरा चादरीचे कोपरे धरून चाकामागे उभे राहिले, तिची एक बाजू चाकाच्या कडेने पुढे वळवून. सुनेने गाडी गिअरमध्ये टाकली, अधांतरी चाक फिरू लागलं, आणि तिने उतरून तांब्याने निळीचं पाणी फिरत्या टायरवर सोडलं.

फटकन आवाज झाला. चादर थरथरली. नवऱ्याने चादरीच्या वरून डोकं काढून बघायची घाई केली होती, त्याचा अर्धा चेहरा निळा झाला.

इंजिन बंद करून चादर तारेवर टांगली तेव्हा तिघंही तिच्यासमोर जत्रेतल्या चित्रासमोर उभं राहावं तशी उभी राहिली. निळे ठिपके वाटेल तसे पसरले नव्हते. त्यांना शिस्त होती. खाली दाट, वर विरळ, आणि एक निळा पंखा मागे सरकत थेट त्या उंचीपर्यंत चढला होता जिथे गाडीत कपड्यांचा गठ्ठा बसतो. सुनेने खडू घेतला, चादरीच्या वळवलेल्या बाजूवर जिथे टायर होता तिथे गोल काढला, आणि एकेका लांबट ठिपक्याच्या शेपटीवरून मागे रेघ ओढत गेली. सगळ्या रेघा गोलाला बाहेरून चाटून जात होत्या. थेंब चाकाभोवती फिरत बसत नव्हता. सुटला की नाकासमोर सरळ जात होता. आणि सुटत होता तो चाकाच्या मागच्या अंगाने, वर चढताना.

"म्हणजे माझंच खरं," सून म्हणाली.

"माझंही थोडं खरं आहे," नवरा तोंड पुसत म्हणाला. "काही थेंब माथ्यापर्यंत गेले, नाहीतर हे कुठून आलं?"

मग त्यांनी चादर मडगार्डाच्या वर आडवी धरून तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी निळा पट्टा मडगार्डाच्या कडेबरोबर उमटला. टायर जेवढा बाहेर डोकावत होता तेवढ्याच रुंदीचा, पट्टीने आखल्यासारखा. आता करायचं काय ते चादरीवर लिहिलेलंच होतं. मागे रबरी पडदा हवा, ट्रकला असतो तसा मडफ्लॅप. आणि मडगार्ड बाहेर वाढवायला हवं, खिडकीवर छज्जा काढतात तसं.

ब्लीचचे रिकामे ड्रम परसात पडूनच होते, जाड निळ्या प्लॅस्टिकचे. ड्रमची गोलाई आणि चाकाची गोलाई हुबेहूब नव्हती, पण एकमेकींच्या नात्यातली होती. सुनेने सुतळी टायरभोवती फिरवून माप घेतलं, खडूने ड्रमवर उतरवलं आणि करवतीने चंद्रकोरीसारख्या पट्ट्या कापल्या. प्लॅस्टिकचा भुसा तिच्या कोपरांना चिकटला, केसांत गेला. पट्टीची आतली कड मडगार्डावर बसायला काटकोनात वळवायची होती, ती काही केल्या वळेना. तेव्हा नवऱ्याने पट्टी आपल्या टेबलावर मागितली. जुनं फडकं टाकून त्याने तिच्यावर तापलेली इस्त्री धरली, कॉलरवर धरतो तशीच, घाई न करता. प्लॅस्टिक मऊ झालं, वास सुटला, आणि टेबलाच्या कडेवर दाबून त्याने ती सरळ रेषेत दुमडून दिली. दुमड इतकी नेटकी होती की सासूनेही हात फिरवून बघितला.

पत्र्याच्या पेट्या करणारा शेजारी ड्रिल आणि रिव्हेट घेऊन आला. पत्रेवाल्याची जीभ त्याच्या कात्रीहून जास्त चालायची. त्याने निळे छज्जे बघून विचारलं की गाडीला मिशा कधी फुटल्या. मग बसून लोखंडी पट्टीचे हात वाकवून दिले, दर छज्ज्याखाली तीन, म्हणजे प्लॅस्टिक थरथरणार नाही. फ्लॅपसाठी त्यानेच खडीच्या क्रशरचा टाकून दिलेला रबरी पट्टा आणला. पट्टा इतका चिवट की सुरी घसरत होती. सुनेने पातं साबणाच्या पाण्यात बुडवून कापायला घेतलं तेव्हा कुठे ते रबरात शिरलं. फ्लॅप वाऱ्याने उडू नये म्हणून सासूने त्याच्या खालच्या कडेला दुमड घातली, टोच्याने भोकं पाडून सुतळीने शिवली आणि आत लोखंडी सळी सरकवली. पडदा म्हटला की खाली वजन हवं, यात तिला कुणाला विचारायची गरज वाटली नाही. मागे घेताना फ्लॅप चाकाखाली सापडून उपटला जाईल, हे सुनेच्या लक्षात आलं. तिने त्याला दोरी लावून टोक सीटपाशी आणलं, की ओढला की फ्लॅप वर.

राहिला प्रश्न छज्जा टायरपासून किती लांब ठेवायचा. त्याचं उत्तर पुन्हा निळीने द्यायचं ठरलं. छज्जा लांब बसवला की चादरीवर ठिपके जास्त, जवळ आणला की कमी. आणखी जवळ आणला, आणखी कमी. शेवटी टायर आणि छज्जा यांच्यात जेमतेम दोन बोटं शिरतील एवढी फट ठेवली आणि पाणी ओतलं, तर चादर जवळपास कोरी राहिली. पाणी छज्ज्याच्या आत गोल फिरून पुढच्या टोकाने मुकाट खाली गळत होतं. पत्रेवाल्याने सुनेच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं. नवऱ्याने चारही चाकांना त्याच मापाने बोल्ट आवळले. सासू तारेवरच्या चादरीसमोरून हलेना. तिच्या चेहऱ्यावर, भट्टीतून पहिली पांढरी चादर निघते तेव्हाचं समाधान होतं.

खेपेच्या दिवशी सासू म्हणाली, मीही येते. नाव परत आणायचं तर स्वतः गेलेलं बरं. नवऱ्याने गठ्ठे चढवले, एकच ताडपत्री घातली, गाठी वर बांधल्या. आकाश भरलेलं होतं आणि आदल्या रात्रीच्या पावसाने रस्ता चांगलाच भिजला होता. सुनेला ते बरंच वाटलं. परीक्षा व्हायची तर पुरती होऊ दे.

सुरुवातीला सगळं मनासारखं झालं. डबक्यांतून गाडी गेली आणि पाणी छज्ज्याखाली टपटप वाजून जिरलं. सासू पुन्हा पुन्हा मागे वळून ताडपत्री बघत होती. एक शिंतोडा नाही. ती अंग सैल सोडून बसली आणि मेट्रनबाईंना काय म्हणायचं याची तयारी करू लागली. त्या चादर उजेडात धरतील तेव्हा आपण बोलायचं नाही, असं ती म्हणाली. नुसतं बघायचं.

वीटभट्टीच्या चढाला रस्ता बदलला. इथली माती विटा पाडायचीच, पिवळी आणि चिवट. छज्ज्याखालचा टपटप आवाज थांबला. त्याजागी घरघर सुरू झाली, मग तीही मंदावली. गाडी जड झाली. सुनेने खालचा गिअर टाकला, इंजिन ओरडलं, तापल्या प्लॅस्टिकचा वास आला आणि चढाच्या मध्यावर जीप जागच्या जागी खिळली.

सून उतरली. मागच्या चाकाजवळ बसून तिने छज्ज्याच्या फटीत बोट घालायचा प्रयत्न केला. बोट जाईना. फट नावालाही राहिली नव्हती. माती आत ठासून बसली होती, साच्यात भरून थापी मारावी तशी, आणि तिने टायर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"काय झालं गं?" सासूने वरून विचारलं.

"चाक आवळलं. आत चिखल भरलाय."

"भरेल कसा? एक थेंब राहत नव्हता आत. मी स्वतः बघितलं."

सून तशीच उकिडवी बसून राहिली. हाताला लागलेला गोळा तिने बोटांत दाबून बघितला. तो गळत नव्हता, पसरत नव्हता. दाबला तसाच राहत होता.

"आई," ती म्हणाली, "आपण पाणी ओतून बघितलं होतं."

सासूचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिने मान हलवली.

"सगळा जन्म पाण्यात गेला आपला. दुसरं सुचणार कुठून."

वॉर्डात चादरी बदलायची वेळ जवळ येत होती. पान्हा हाताशी होता. छज्जे काढून फेकले तर गाडी लगेच सुटेल आणि वेळेवर पोचेल, पण मग ताडपत्री पुन्हा चिखलाने माखेल आणि पोचूनही उपयोग नाही. सुनेने पान्हा बोल्टला लावला आणि परत काढला. आधी बघूया, तिने ठरवलं, अडकलंय नक्की कुठे.

ती चाकाच्या मागच्या अंगाला गेली. तिथे माती सैल होती, बोटाने निघाली. माथ्यावर घट्ट. आणि पुढच्या टोकाला तर दगड झाली होती. सुनेने डोळे मिटून चाक मनात फिरवलं. चाक मागून चिखल वर उचलतं, माथ्यावरून पुढे नेतं आणि पुढून खाली टाकतं. आपण चिखलाला शिरायला वाट ठेवली तेवढीच निघायला ठेवली. तीही ड्रमच्या गोलाईने पुढे जरा आणखीच आवळलेली. पाण्याला तेवढी पुरली. माती वाटेत दाटली, मागच्या मातीने पुढच्या मातीला ठोकलं आणि शेवटी दारच बंद झालं.

"पुढून मोकळं करायचं," ती उठत म्हणाली. "मागं एक मूठ, माथ्यावर थोडं जास्त आणि पुढं दोन मुठी. शिरेल तेवढा बाहेर पडलाच पाहिजे."

"मग उडणार नाही का पुन्हा?"

"थोडा उडेल. पण पुढून सुटलेला खाली जातो, वर नाही. चादरीवर बघितलंत ना, वर चढतो तो मागचा. त्याला फ्लॅप आहे."

सासूने ते मनात घोळवलं आणि खाली उतरायला पाय काढला. सुनेने तिला अडवलं.

"तुम्ही उतरू नका. कशालाच हात लावू नका. आजपासून चिखल माझा आणि कपडे तुमचे."

सासू परत बसली आणि दोन्ही हात वर धरून राहिली, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरासारखे. नाकावर माशी बसली तरी तिने ते खाली आणले नाहीत. फुंकर मारून माशी उडवायचा तिचा खटाटोप सुनेने खालून बघितला आणि तिला हसू फुटलं. सासू वरून म्हणाली, हसतेस काय, हात चालव.

सुनेने पान्ह्याच्या दांड्याने माती कोरली. गोळे सुटेनात तेव्हा ती चाकाखाली आडवी झाली आणि खालून ढोसू लागली. माती तिच्या मानेवर, कानात, दातांखाली आली. मग जॅकचा लोखंडी दांडा छज्ज्याच्या हातांखाली घालून तिने एकेक हात वर वाकवला. पत्रेवाल्याने लोखंड मऊ निवडलं होतं ते बरं झालं. मूठ आत घालून ती फट मोजायची, पुन्हा दांडा लावायची. तिसऱ्या चाकापर्यंत तिच्या तळव्याची साल गेली होती. चौथ्याला तिने दांडा फडक्यात गुंडाळून धरला. छज्जे आता एकसारखे दिसत नव्हते. पुढून वर उचललेले, तोंड वासल्यासारखे. पत्रेवाल्याने बघितलं असतं तर मिशांना पीळ दिला म्हणाला असता.

गाडी सुरू केली. चाकं एकदा कण्हली आणि सुटली. थोडं अंतर जाऊन तिने मुद्दाम थांबून बघितलं. छज्ज्यांच्या पुढच्या तोंडातून मातीच्या लाद्या खाली पडत होत्या, एकामागून एक, पोट साफ झाल्यासारख्या. मडगार्डाखालच्या पत्र्यावर थोडे शिंतोडे होते. ताडपत्रीच्या अगदी खालच्या कडेला दोन-चार. गाठींवर काही नाही.

"चल आता," सासू म्हणाली. "माझे हात दुखायला लागले."

इस्पितळाच्या मागच्या आवारात बंद गाडी आधीच येऊन उभी होती. शहरातला यंत्रवाला तिला टेकून सिगरेट ओढत होता. त्याने चिखलाने माखलेली जीप बघितली, तिच्यातून उतरलेली चिखलाने माखलेली बाई बघितली आणि तोंडावर हसायला नको म्हणून दुसरीकडे बघितलं. सुनेने दोरी ओढून फ्लॅप वर घेतले आणि जीप उलटी व्हरांड्याला लावली, पायरीला घासेल न घासेल अशी.

मेट्रनबाई बाहेर आल्या आणि तिला बघून थबकल्या.

"तुम्ही तिथंच थांबा," त्या म्हणाल्या.

"थांबलेच आहे," सून म्हणाली. "कपडे त्यांच्याकडे."

सासूने गाठी सोडल्या, ताडपत्री वरून मागे दुमडली, ओढली नाही, आणि गठ्ठे एकेक करून टेबलावर ठेवले. मेट्रनबाईंनी पहिली चादर उघडून उजेडात धरली. मग दुसरी. सासू काही बोलली नाही, ठरवल्याप्रमाणे नुसती बघत राहिली. घड्या उघडत होत्या आणि डावीकडे जात होत्या. उजवीकडे टेबलाचं लाकूड दिसत होतं. यंत्रवाला सिगरेट विझवून चार पावलं जवळ आला.

एका चादरीवर मेट्रनबाईंचं बोट थांबलं. कोपऱ्यात पुसटसा डाग होता.

सून पायरीखाली टाचा उंचावून उभी राहिली. तिला पुढे जाऊन बघता येत नव्हतं. तिने सासूकडे बघितलं. सासू टेबलावर वाकली, डागाकडे निरखून बघितलं आणि ताठ झाली.

"चिखल नाही तो," ती म्हणाली. "नीळ जास्त बसली. माझं लक्ष नव्हतं. धुण्यातली चूक आहे, माझी आहे."

हे बोलायला तिला किती जड गेलं ते सुनेला कळलं. सासूच्या धुण्यात चूक निघाल्याचं तिने या घरात आल्यापासून ऐकलं नव्हतं, आणि सासूच्या तोंडून तर नाहीच. मेट्रनबाईंनी बोट ओलं करून डागावर घासलं, बोट उजेडात बघितलं. त्यावर निळसर छटा होती. त्यांनी चादर थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग घडी घातली आणि डावीकडे ठेवली.

शेवटची चादर बघून झाल्यावर त्या आत गेल्या. यंत्रवाल्याने आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं. आत कोरा पत्रा चमकत होता. सासू टेबलाशी उभी, सून पायरीखाली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. आतून पावलं आली, आणि जमिनीवरून काहीतरी जड फरपटत आणल्याचा आवाज.

मेट्रनबाई मळक्या कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात आल्या. त्यांनी बंद गाडीच्या उघड्या दाराकडे बघितलं. सासूच्या स्वच्छ हातांकडे बघितलं. मग गाठोडं फरपटत पायरीपर्यंत आणलं आणि सुनेच्या पुढ्यात सोडलं.

"डायव्हरबाई, हे तुम्हीच उचला," त्या म्हणाल्या. "त्यांचे हात राहू देत तसेच."

गाठोडं ओलसर होतं आणि त्याला औषधांचा वास येत होता. सुनेने ते अंगापासून लांब धरलं नाही. दोन्ही हातांनी कवटाळून, चिखलाच्या छातीशी घट्ट धरून तिने ते जीपपर्यंत नेलं आणि आत टाकलं. मग दुसरं न्यायला वळली. दाराच्या आत अजून पुष्कळ गाठोडी होती.